विरघळणारे स्क्रू कोकणात बनवताना: पाण्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतला एक छोटा मोल्डिंग कारखाना आजवर नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीनचे भाग काढत आला. आता त्यांना गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेत लागणारे, शरीरात विरघळणारे इंटरफिअरन्स स्क्रू, म्हणजे हाडात पाडलेल्या बोगद्यात नवा लिगामेंट (ग्राफ्ट) दाबून धरणारे स्क्रू, बनवायचे आहेत. कच्चा माल म्हणजे वैद्यकीय दर्जाचं पीएलएलए, अर्थात पॉलि-एल-लॅक्टाइड. जानेवारीत काढलेले चाचणीचे स्क्रू उत्तम होते. मे महिन्यापासून मात्र स्क्रू किंचित पिवळट येतात आणि ड्रायव्हरने टॉर्क लावला की तडकतात. जुलैतही तेच. दाणे दरवेळी ८० अंश सेल्सिअसला सहा तास गरम हवेच्या ओव्हनमध्ये सुकवलेले, मशीनचं सेटिंग तेच. पावसामुळे होतंय का, आणि पुढे निर्जंतुकीकरण आणि पॅकिंगमध्ये काय सांभाळायचं, असं विचारलं आहे.

पाऊस हे कारण धरू नका. तुमच्याच नोंदीत बिघाड मे महिन्यापासून आहे, तेव्हा पाऊस कुठे होता? भिंतीवरचं आर्द्रतामापक मेमध्ये ६८ टक्के दाखवतं आणि जुलैत ९०, म्हणून जुलैची हवा जास्त ओली वाटते. पण हा आकडा सापेक्ष आर्द्रतेचा. ३३ अंशांना ६८ टक्के आणि २८ अंशांना ९० टक्के, या दोन्ही हवांमध्ये एका घनमीटरला सुमारे २४ ग्रॅमच पाणी असतं. जानेवारीच्या दुपारी २६ अंश आणि ४५ टक्के असताना ते ११ ग्रॅम असतं. म्हणजे प्लास्टिकच्या दृष्टीने कोकणात ओला हंगाम मेमध्येच सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. कारखान्यात टक्क्यांऐवजी दवबिंदूची, म्हणजे हवेतलं पाणी ज्या तापमानाला थेंब धरू लागतं त्याची, नोंद ठेवायला लागा, हा पहिला बदल. वरच्या मे आणि जुलैच्या दोन्ही हवांचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो.

आता ओव्हनचं बघू. गरम हवेचा साधा ओव्हन बाहेरचीच हवा आत घेऊन तापवतो. जुलैची ती हवा ८० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सात टक्क्यांच्या आसपास उतरते, पण शून्य होत नाही. दाणे त्या सात टक्क्यांशी जुळवून घेतात आणि थांबतात. सहा तास ठेवा नाहीतर सोळा, ओलावा काहीशे पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) खाली उतरतच नाही. नायलॉनच्या क्लिपांना हे चालून गेलं असेल. इथे चालत नाही, आणि का चालत नाही ते एका साध्या गणिताने कळतं.

पीएलए (पॉलिलॅक्टाइड, पीएलएलए हा त्यातलाच प्रकार), पीजीए (पॉलिग्लायकोलाइड) आणि त्यांची मिश्रणं ही सगळी पॉलिएस्टर. साखळीतल्या प्रत्येक एस्टर बंधाला पाण्याचा एक रेणू पुरतो, बंध तुटतो. गुडघ्यात ३७ अंशांना हीच क्रिया दोन-तीन वर्षं सावकाश चालावी म्हणून तर हा माल निवडला. मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे माल वितळवणाऱ्या तापत्या नळीत, २०० अंशांना तीच क्रिया मिनिटांत उरकते. समजा तुमच्या मालाचा सरासरी रेणुभार १,००,००० आहे. मग १,००,००० ग्रॅम मालात साखळ्यांचा एक मोल, आणि पाण्याचा एक मोल म्हणजे १८ ग्रॅम. प्रत्येक साखळी एकदा तोडून सरासरी रेणुभार निम्मा करायला १८० पीपीएम पाणी पुरतं. एक किलो दाण्यांत ०.१८ ग्रॅम, म्हणजे ड्रॉपरचे तीन-चार थेंब. रेणुभार २,००,००० असेल तर त्याच्या निम्म्यानेच काम होतं. माल जितका चांगला आणि महाग, तितकं पाणी त्याला कमी सोसतं. म्हणून लक्ष्य १०० पीपीएमच्या आत ठेवा, उंच रेणुभाराच्या मालाला ५० च्या आत.

यासाठी दोनच उपाय आहेत. एक म्हणजे डेसिकंट (ओलावा शोषणारा पदार्थ) वापरणारा ड्रायर, ज्याच्या हवेचा दवबिंदू उणे ४० अंश किंवा त्याखाली असतो. दुसरा म्हणजे व्हॅक्यूम ओव्हन, १ मिलिबारच्या आसपास दाब आणि पंपाआधी वाफ गोठवून पकडणारा कोल्ड ट्रॅप. तुमच्यासारख्या दिवसाला एक-दोन किलो माल लागणाऱ्यांना मी व्हॅक्यूम ओव्हनच घ्यायला सांगेन. स्फटिकी पीएलएलएचे दाणे ८० ते ९० अंशांना आठ तास. उद्या पीडीएलएलए (पीएलएचाच अस्फटिकी प्रकार) किंवा पीएलजीए (लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइड मिळून झालेला) यांसारखा अस्फटिकी माल घेतलात तर हे तापमान विसरा. त्यांचं टीजी, म्हणजे काचेसारखा कडक माल ज्या तापमानाला मऊ पडू लागतो ते, ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान असतं. ८० ला ठेवलेत तर सकाळी ट्रेमध्ये दाण्यांची एकच वडी मिळेल. त्यांना ४० अंश आणि व्हॅक्यूममध्ये निदान २४ तास लागतात.

व्हॅक्यूम ओव्हनवर सगळ्यात जास्त घात होतो तो शेवटच्या अर्ध्या मिनिटात. सुकवणं संपलं, व्हॉल्व्ह उघडला, आणि फुस्सकन खोलीतली हवा आत शिरली. रात्रभर कोरडे केलेले गरम दाणे तेवढ्यात २४ ग्रॅमवाल्या हवेत न्हाऊन निघतात. व्हॅक्यूम तोडायचा तो कोरड्या नायट्रोजनने, सिलिंडर, रेग्युलेटर आणि मध्ये डेसिकंटची नळी लावून. महावितरणची वीज अवेळी जाते हे गृहीत धरून पंपाला उलटा न जाणारा व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज जाताच पंपाचं तेल ओव्हनकडे ओढलं जातं आणि तो माल वैद्यकीय कामातून बाद होतो.

ओव्हनच्याही आधी फ्रीजर आहे. असा माल उणे २० अंशांना फॉइलच्या पिशवीत ठेवतात. पिशवी बाहेर काढून लगेच फोडली तर दाण्यांवर दव धरतं, कारण बाहेर दवबिंदू २६ आहे आणि दाणे उणे २०. बाहेरून पिशवीला घाम आलेला दिसतो, आतल्याकडे लक्ष जात नाही. पाच किलोची बंद पिशवी खोलीच्या तापमानाला यायला पूर्ण रात्र द्या; हाताला गार लागत नाही म्हणजे झालं असं समजू नका, मधले दाणे उशिरा तापतात. त्याहून चांगलं म्हणजे माल आला की एकदाच, कोरड्या नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये, त्याच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या फॉइल पिशव्या सील करून ठेवा. रोज एकच पिशवी उघडेल, बाकीच्यांना धक्का लागणार नाही.

पुढे हॉपर, म्हणजे मशीनवर दाणे ओतायची चाडी. सुकवलेले दाणे उघड्या हॉपरमध्ये ओतले की श्रावणात झाकण उघडं राहिलेल्या डब्यातल्या पापडाची गत. बंद हॉपर, वरून नायट्रोजनचा सतत हलका प्रवाह, आणि एका वेळी जास्तीत जास्त अर्ध्या तासाचा माल. हॉपरच्या गळ्याला थंड पाणी फिरवत असाल तर ते पाणी दवबिंदूच्या खाली जाऊ देऊ नका. चिलरचं १५ अंशांचं पाणी सोडलंत तर गळ्याच्या आत थेंब धरतात आणि सरळ स्क्रूवर पडतात. मोल्डचंही तेच. पोकळीवर दव बसलं की भागावर धुरकट चट्टे येतात, आणि लोक ते सिल्व्हर स्ट्रीक (भागावरचे रुपेरी ओरखडे) समजून बॅरलचं तापमान वाढवत बसतात. मोल्ड २८-३० अंशांवर ठेवा किंवा मोल्डिंगची खोलीच दवबिंदू १० च्या खाली आणेल असा डीह्युमिडिफायर लावा. नुसत्या एसीने कोकणात ते साधत नाही. खोली गार होते, पण पाणी पुरेसं निघत नाही.

पिवळेपणामागे ओलाव्यासोबत मला आणखी एक कारण दिसतं: बॅरलमध्ये मालाचा मुक्काम. ९ बाय २३ मिलिमीटरच्या पोकळ स्क्रूचं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतं, रनर, म्हणजे पोकळीपर्यंतच्या वाटेत उरणारं प्लास्टिक, धरून अडीच. तुमचं मशीन सर्वसाधारण कामाचं असेल तर त्याच्या बॅरलमध्ये ५० ग्रॅम तरी माल बसतो. म्हणजे बॅरलमध्ये २० शॉटचा (एका वेळी मोल्डमध्ये भरला जातो तो एक शॉट) माल, आणि सायकल एका मिनिटाची धरली तर प्रत्येक दाणा २० मिनिटं १९०-२०० अंशांत शिजतो. पीएलएलए १७५-१८० ला वितळतं आणि २०० च्या वर पाणी नसतानाही तुटायला लागतं. पाच मिनिटांच्या वर मुक्काम नको. त्यासाठी १४ ते १८ मिलिमीटर व्यासाचा स्क्रू असलेलं सूक्ष्म मोल्डिंग मशीन लागतं. हा खर्च टाळायचा म्हणून एकाच शॉटमध्ये आठ पोकळ्यांचा मोल्ड करण्याचा मोह होईल. मुक्काम कमी होतो हे खरं, पण मग रनर वाढतो आणि रीग्राइंड, म्हणजे तो दळून पुन्हा वापरणं, इथे अजिबात चालत नाही. रनर सरळ भंगारात. नायलॉन ज्या बॅरलमध्ये चाललंय ते बॅरलही चालणार नाही, कितीही पर्ज करा, म्हणजे आतला माल ढकलून बाहेर काढा. या कामाला स्क्रू, बॅरल आणि नोझल वेगळेच हवेत.

वीज गेली आणि पाच मिनिटांत जनरेटरवर आलात तरी बॅरलमधला सगळा माल पर्ज करून टाका. त्यातून निघालेले पहिले चांगले दिसणारे भाग ठेवून देण्याची सवय ज्या ऑपरेटरला आहे त्याच्या शेजारी उभं राहून हे शिकवावं लागतं.

मोल्ड उघडल्यावर व्हेंटच्या (हवा बाहेर जाण्याच्या फटीच्या) कडेला बारीक पांढरी पूड दिसते का ते बघा. बोटाला किंचित चिकट लागते, कापडाने पुसली जाते आणि तीस-चाळीस शॉटनंतर पुन्हा येते. ते लॅक्टाइड, म्हणजे साखळी टोकाकडून उलगडत जाऊन तयार झालेला मोनोमर, साखळीचा सुटा दुवा. पूड दिसली की बॅरल जास्त गरम आहे किंवा माल जास्त वेळ आत आहे. हे नुसतं साफसफाईचं काम नाही. जे लॅक्टाइड बाहेर आलं त्याच्या कितीतरी पट भागाच्या आत राहिलं, आणि उरलेला मोनोमर पाणी ओढून घेतो, आम्ल तयार करतो आणि स्क्रू ठरल्यापेक्षा आधी कमजोर करतो.

आता मोजमाप. अंदाजाने हे काम होत नाही. दोन उपकरणांशिवाय सुरुवातच करू नका: ओलाव्यासाठी ओव्हन जोडलेलं कुलोमेट्रिक कार्ल फिशर, आणि रेणुभारासाठी काचेचा उबेलोडे व्हिस्कोमीटर. दुसरं स्वस्त आहे आणि फार उपयोगी. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून २५ अंशांना इन्हेरंट व्हिस्कॉसिटी मोजायची, बोलताना सगळे तिला आयव्ही म्हणतात. पीएलएसाठी आयव्ही सुमारे ४० टक्के उतरली म्हणजे रेणुभार निम्मा झाला, हे गुणोत्तर लक्षात ठेवा. प्रत्येक बॅचसाठी आयव्हीची जमाखर्चाची वही ठेवा: आलेला माल, सुकवलेले दाणे, मोल्ड केलेला स्क्रू, निर्जंतुक केलेला स्क्रू आणि शेल्फवर सहा-सहा महिने राहिलेला स्क्रू. कुठल्या पायरीवर किती खर्च झाला ते एका ओळीत दिसतं. सुकवलेल्या दाण्यांतच आयव्ही उतरली असेल तर ओव्हनमध्ये गरम आणि ओलं एकत्र आलंय. दाणे ठीक पण स्क्रू उतरला तर हॉपर किंवा मुक्काम. मेमधले ठिसूळ स्क्रू फेकले नसतील तर त्यांचीच आयव्ही जानेवारीच्या स्क्रूंशी ताडून बघा. या एका चाचणीतून तुमचं निम्मं कोडं सुटेल.

आयव्ही चांगली असूनही स्क्रू तडकत असेल तर तडा कसा आहे ते भिंगाखाली बघा. पोकळ स्क्रूत मधल्या पिनेला वळसा घालून येणारे दोन प्रवाह मागच्या बाजूला जुळतात. तिथे वेल्ड लाइन येते आणि टॉर्क लावला की स्क्रू त्या रेषेवर उभा चिरतो. गेट, म्हणजे माल पोकळीत शिरण्याचं तोंड, डोक्याकडे गोलाकार केलं की हे बरंच कमी होतं. तडा आडवा, आट्याच्या मुळाशी असेल तर तिथली त्रिज्या फार तीक्ष्ण आहे. आणखी एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. थंड मोल्डमधून निघालेला पीएलएलएचा अस्फटिकी भाग आज वाकतो आणि तोच महिन्याने काचेसारखा तुटतो. पाणी लागलेलं नसतं, रेणुभारही तोच असतो. टीजी ६० अंशांना आणि गोदाम ३०-३५ अंशांना असल्याने साखळ्या हळूहळू घट्ट बसत जातात, याला फिजिकल एजिंग म्हणतात. म्हणून टॉर्कची चाचणी मोल्डिंगच्या दिवशी करून उपयोग नाही. ठरावीक दिवस मुरल्यावरच करा, आणि हाडासारख्या घनतेच्या पॉलियुरेथेन फोमच्या ठोकळ्यात करा.

मालाची निवडही पुन्हा तपासा असं मी सुचवेन. शुद्ध, जास्त स्फटिकी पीएलएलए शरीरात अनेक वर्षं रेंगाळतं. १९८०च्या दशकात गालाच्या हाडाच्या फ्रॅक्चरला पीएलएलएच्या पट्ट्या लावलेल्या काही रुग्णांना तीन ते पाच वर्षांनी त्या जागी सूज आली. साखळ्या केव्हाच तुटल्या होत्या, पण स्फटिकांचे कण उरले होते आणि शरीर त्यांना आवरत होतं. दुसऱ्या टोकाला पीजीए. ते इतक्या लवकर विरघळतं की त्याच्या पिना वापरलेल्या रुग्णांत काही आठवड्यांनी निर्जंतुक स्राव होऊन जखमेतून पाझरल्याची उदाहरणं फिनलंडमधल्या शल्यचिकित्सकांनी नोंदवली. टाक्यांच्या दोऱ्यात हाच लवकर विरघळण्याचा गुण कामी येतो: ग्लायकोलाइड ९० आणि लॅक्टाइड १० असं प्रमाण असलेला पॉलिग्लॅक्टिनचा दोरा तीन आठवड्यांनी निम्मी ताकद राखतो आणि दोन-सव्वादोन महिन्यांत संपतो. पॉलिडायऑक्सॅनोनचा जाड दोरा सहा आठवड्यांनीही ६० टक्के ताकद धरतो, म्हणून पोटाची भिंत शिवायला तो. स्क्रूचं वेळापत्रक हाडाशी जुळवायचं. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट बोगद्यात हाडाशी धरायला ८ ते १२ आठवडे लागतात, तोवर पकड पूर्ण हवी. त्यानंतर स्क्रू जितका लवकर आणि शांतपणे जाईल तितकं बरं. त्यामुळे आज बरेच स्क्रू पीएलजीए किंवा पीएलएमध्ये २५-३० टक्के बीटा ट्रायकॅल्शिअम फॉस्फेट मिसळून बनतात. हे खनिज तयार होणारं आम्ल काही अंशी शमवतं आणि जागेवर हाड यायला आधार देतं. पण खनिज मिसळलं की माल आणखी ठिसूळ होतो आणि तेच खनिज पाणीही धरून ठेवतं, म्हणजे सुकवणं जास्त कठीण. आधी साध्या मालावर हात बसवा, मग याकडे वळा.

जाडीबद्दल एक गोष्ट डिझाइनवाल्यांना उलटी वाटते. जाड भाग आतून लवकर सडतो. आत तयार झालेली आम्लाची टोकं बाहेर निसटू शकत नाहीत, तीच पुढच्या बंधांना तोडायला मदत करतात. पृष्ठभागावरची मात्र शरीरातल्या द्रवात धुऊन जातात. म्हणून जाड ठोकळ्याचं कवच शाबूत आणि गाभा द्रवासारखा झालेला असं घडतं आणि एके दिवशी आम्ल एकदम बाहेर येतं. स्क्रू पोकळ आणि भिंत पातळ ठेवण्यामागे ड्रायव्हर बसवण्याइतकंच हेही कारण आहे. मात्र ताकद कमी असल्याने पॉलिमरला धातूपेक्षा जाडी लागतेच, आणि त्याचे परिणाम हृदयाच्या स्टेंटमध्ये जगाने पाहिले. ॲबॉटच्या ॲब्सॉर्ब या पीएलएलए स्टेंटच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन होत्या, तर त्यांच्याच धातूच्या स्टेंटच्या ८१. अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली, आत गुठळी होण्याचं प्रमाण जास्त आढळलं आणि २०१७ मध्ये विक्री थांबली. पुढे २०२४ मध्ये गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी मान्यता मिळालेल्या त्यांच्या नव्या स्टेंटच्या काड्या ९९ मायक्रॉनच्या आहेत. मालाचं रसायन तेच, फरक जाडीत आणि जागेत.

निर्जंतुकीकरण. ऑटोक्लेव्ह विसरा, १२१ अंशांची वाफ म्हणजे टीजीच्या कितीतरी वरचं तापमान आणि भरपूर पाणी एकत्र. गॅमा किरणांचा विचार तुमच्या मनात असणार, कारण मुंबईत ट्रॉम्बेला आयसोमेड हे केंद्र १९७४ पासून त्यांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करण्याचं काम करतं. गॅमाचा फायदा मोठा आहे: सीलबंद फॉइलच्या आतपर्यंत पोचतो आणि वेळ कमी लागतो. पण नेहमीचा २५ किलोग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक, किलोग्रे म्हणजे हजार ग्रे) डोस म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला आंब्यावरून लगेच कळेल. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किमान ४०० ग्रे देतात. हा त्याच्या साठ पटींहून जास्त. त्यात पीएलएच्या साखळ्या तुटतात आणि रेणुभार साधारण तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने उतरतो. गॅमा वापरायचा तर सुरुवातीचा रेणुभार तेवढा उंच धरून सुरुवात करावी लागते, आणि कोरड्या बर्फात, नायट्रोजनमध्ये पॅक करून डोस दिला तर नुकसान कमी होतं. दुसरा मार्ग ईटीओ, म्हणजे एथिलीन ऑक्साइड वायू. त्यात साखळ्या जवळपास शाबूत राहतात, पण वायूसोबत ओलावा आणि उष्णता लागते आणि वायू स्वतः पॉलिमरला मऊ पाडतो. नेहमीची ५५ अंशांची सायकल पीएलजीएच्या स्क्रूचे आटे वाकवू शकते. ३७ ते ४० अंशांची लांब सायकल मागा, नंतर व्हॅक्यूममध्ये वायू आणि पाणी दोन्ही काढा. उरलेल्या वायूची मर्यादा आयएसओ १०९९३ च्या सातव्या भागात आहे: कायम राहणाऱ्या रोपणासाठी पहिल्या २४ तासांत ४ मिलिग्रॅम. पीएलएलए स्क्रूसाठी मी ईटीओच निवडेन.

ईटीओ घेतला की पॅकिंगचा क्रम ठरतो. वायू फॉइलमधून जात नाही, म्हणून स्क्रू आधी टायव्हेकच्या, म्हणजे वायू आरपार जाऊ देणाऱ्या कागदासारख्या प्लास्टिकच्या, आतल्या पाऊचमध्ये. निर्जंतुक झाल्यावर, वायू काढल्यावर आणि सुकवल्यावर कोरड्या खोलीत नायट्रोजन भरून बाहेरच्या ॲल्युमिनियम फॉइलच्या पाऊचमध्ये सील. निर्जंतुक होऊन आलेला माल आणि फॉइल सील यांच्यामधले तास मोजा आणि लिहा. माल बाहेरून निर्जंतुक होऊन आला, शुक्रवारी संध्याकाळी उतरला आणि फॉइल सोमवारी चढलं, असं झालं तर मोल्डिंगमध्ये घेतलेली सगळी मेहनत त्या दोन दिवसांत जाते. फॉइलमधून ओलावा जवळजवळ शून्य जातो, पण ते दुमडलं की घडीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. आतल्या ट्रेचे कोपरे गोल करा, पाऊच घडी न घालता उभ्या खोक्यात भरा, आणि प्रत्येक बॅचमधले काही पाऊच पाण्याखाली धरून बुडबुड्याची चाचणी करा. नमुन्याचे पाऊच खोक्यात भरून झाल्यावरचे घ्या, सीलिंग मशीनवरचे नकोत.

शेल्फ लाइफसाठी ५५ अंशांना लवकर म्हातारं करण्याची नेहमीची पद्धत इथे फसते. ५५ हे टीजीच्या इतकं जवळ आहे की तिथे जे घडतं ते २५ अंशांना कितीही वर्षांत घडत नाही, आणि उलटही. ४० अंशांवर थांबा आणि सोबत खऱ्या वेळेची चाचणी पहिल्याच दिवसापासून चालू करा. ती नंतर सुरू करून भरून काढता येत नाही. शरीरातल्या वर्तनासाठी स्क्रू ३७ अंशांना, ७.४ सामूच्या फॉस्फेट बफरमध्ये ठेवायचे आणि ४, ८, १२, २६ आणि ५२ आठवड्यांनी काढून टॉर्क, आयव्ही आणि वजन तपासायचं. सामू उतरू लागला की बफर बदला, नाहीतर बाटलीतलं आम्लच निकाल लावेल. क्रम नेहमी एकच दिसतो: आधी आयव्ही उतरते, मग ताकद, आणि वजन सगळ्यात शेवटी. वजन तसंच आहे म्हणून स्क्रू मजबूत आहे असा निष्कर्ष काढू नका.

परवान्याचं थोडक्यात. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे शरीरात शोषली जाणारी रोपणं सर्वाधिक जोखमीच्या ड वर्गात येतात. उत्पादन परवाना केंद्राकडून, सीडीएससीओ म्हणजे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून मिळतो. वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेसाठीची आयएसओ १३४८५ ची व्यवस्था आधी उभी करा. वरच्या सगळ्या नोंदी तिथे तुमच्या कामी येतील.

शेवटचा टप्पा तुमच्या हातात नाही, पण सूचनापत्रक आणि लेबल तुमचंच आहे. मालवणपासून महाडपर्यंतच्या रुग्णालयांत हा माल टेम्पोने किंवा एसटी पार्सलने जाणार. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत ६० अंशांच्या घरात तापमान जातं, आणि फॉइल पाणी अडवतं, उष्णता नाही. दर खेपेला एक तापमान नोंदवणारा लॉगर खोक्यात टाका. रुग्णालयाच्या स्टोअरला २५ अंशांच्या आत ठेवा एवढं लिहून पुरत नाही. जून २०२० मधल्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे किती दिवस वीज नव्हती ते सगळ्यांना आठवत असेल, आणि जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या तळमजल्यांवर काय राहिलं तेही. लेबलवर तापमान ओलांडल्याचं दाखवणारा रंग बदलणारा ठिपका लावा आणि पत्रकात लिहा की ठिपका बदलला असेल किंवा खोकं पुराच्या पाण्यात भिजलं असेल तर स्क्रू वापरू नये, परत पाठवावा. माल तळमजल्याच्या खालच्या फळीवर ठेवू नये, हेही लिहा.

शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरांसाठी दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत हवीत. फॉइल फोडलं आणि स्क्रू लागला नाही तर तो टाकून द्यावा. पुन्हा ईटीओ करू नये. उघडे राहिलेले टाक्यांचे दोरे आणि स्क्रू परत निर्जंतुक करून ठेवण्याची काटकसर काही ठिकाणी अजून चालते. तसा स्क्रू हाताला तितकाच टणक लागतो, पण त्याने पाणी घेतलेलं असतं आणि त्याचं घड्याळ कधीच सुरू झालेलं असतं. सर्जनसाठी: बोगद्यात आधी टॅप (आटे पाडणारं हत्यार) फिरवा, ड्रायव्हर स्क्रूच्या पूर्ण लांबीत बसल्याशिवाय जोर देऊ नका, आणि स्क्रू गाइड वायरवरून ग्राफ्टला समांतर जाऊ द्या. तुटलेल्या स्क्रूंच्या तक्रारी आल्या की आधी या तीन गोष्टी विचारा आणि त्याच बॅचची आयव्ही वहीत बघा.

पाऊचसोबत बॅच क्रमांकाचे तीन सुटे स्टिकर द्या: एक केसपेपरला, एक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर, एक रुग्णालयाच्या रजिस्टरला. असा स्क्रू क्ष-किरणात दिसत नाही. तीन-चार वर्षांनी कुणी कबड्डीपटू त्याच गुडघ्याला सूज घेऊन आला, तर आत काय बसवलंय, कोणत्या मालाचं आणि कोणत्या महिन्यात काढलेलं, हे सांगणारी तेवढीच एक खूण त्या डॉक्टरांच्या हाती असेल.